सगळं दिसतं का? स्तनाच्या एमआरआयचा इतिहास आणि आपण



मागचं व्याख्यान संपलं आणि आम्ही पायऱ्या उतरत होतो, तेव्हा एका शिक्षिकाबाईंनी आम्हाला थांबवलं. त्या दिवशीचा विषय होता न्यायदर्शनातलं अनुमान. बाईंचा प्रश्न मात्र वेगळाच होता. त्यांच्या जावेच्या छातीत गाठ लागली होती. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली आणि आता डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, "सर, एमआरआयमधे सगळं दिसतं नं? मग पहिल्याच दिवशी तेच का नाही करत? एवढ्या चकरा कशासाठी?"

आम्ही वैद्य नाही. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, दुसरं काही येत नाही. पण "सगळं दिसतं" हे वाक्य तत्त्वज्ञानाच्या माणसाला सहज सोडवत नाही. दिसतं म्हणजे काय? दिसलं म्हणजे कळलं का? घरी जाऊन आम्ही या यंत्राचा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आलं, की बाईंचा प्रश्न मागच्या व्याख्यानाला धरूनच होता. आज तोच इतिहास आपण पाहू. औषधपाण्याचा सल्ला आपापल्या डॉक्टरांकडून घ्यावा. इथे फक्त विचार करायचा आहे.

सुरुवात हातापासून करू. शेकडो वर्षं स्तनातली गाठ हाताला लागायची तेव्हाच कळायची, आणि तोवर ती बरीच वाढलेली असायची. १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. १९१३ मध्ये बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे क्ष-किरण फोटो काढून, त्यांत कर्करोग कसा दिसतो याचा अभ्यास मांडला. मॅमोग्राफीचं मूळ तिथे आहे. पुढे पन्नासेक वर्षांनी ती रुग्णालयांत रुळली.

मॅमोग्राफीची एक मर्यादा मात्र पहिल्यापासून आहे. क्ष-किरणांच्या फोटोत चरबी काळपट दिसते, ग्रंथींचा भाग पांढरा दिसतो आणि कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. वय झालेल्या बाईच्या स्तनात चरबी जास्त असते, म्हणून काळ्यावर पांढरं उठून दिसतं. तरुण बाईचा स्तन बहुधा घट्ट, ग्रंथींनी भरलेला असतो. तिथे गाठ शोधणं म्हणजे कापसाच्या ढिगात पांढरा खडा शोधण्यासारखं आहे. आपण वऱ्हाडातली माणसं, हे आपल्याला वेगळं समजवायला नको. ही अडचण आपल्याकडे जास्त जाणवते, कारण भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच्या वयात दिसतो.

आता एमआरआयकडे येऊ. या यंत्रात क्ष-किरण नसतात. त्याचा सगळा कारभार पाण्यावर चालतो. आपल्या शरीरात बरंचसं पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन आहे, आणि हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखं वागतं. मोठ्या चुंबकात माणसाला ठेवलं, की ही केंद्रकं त्या चुंबकाच्या रोखानं थोडीशी वळतात. रुग्णालयातलं नेहमीचं यंत्र दीड टेस्लाचं असतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हे सुमारे तीस हजार पट झालं. त्यावर नेमक्या कंपनांच्या रेडिओलहरी सोडल्या, की केंद्रकं त्या लहरींची ऊर्जा घेतात, आणि लहरी थांबवल्या की ती परत करत मूळ जागी येतात. दीड टेस्लाला ही कंपनं सुमारे ६४ मेगाहर्ट्झची असतात, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या थोडी खाली. रेडिओचा काटा नेमक्या जागी आला की आवाज स्वच्छ येतो, तसंच हे. यालाच अनुनाद म्हणतात.

१९३८ मध्ये इसिडोर राबी यांनी हा परिणाम रेणूंच्या झोतात दाखवला. १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड परसेल या दोघांच्या गटांनी तो स्वतंत्रपणे द्रव आणि घन पदार्थांत दाखवला. तिघांनाही नोबेल मिळालं. तेव्हा शरीराचा फोटो काढायची कल्पना कुणाच्या डोक्यात नव्हती. पंचवीस वर्षं हे रसायनशास्त्रज्ञांचं साधन होतं. नळीत पदार्थ ठेवायचा, त्याची घडण तपासायची.

१९७१ मध्ये रेमंड डमेडियन या अमेरिकन डॉक्टरांनी सायन्स या नियतकालिकात एक निबंध लिहिला. उंदरांच्या गाठी आणि उंदरांचे निरोगी अवयव त्यांनी अशा यंत्रात तपासले होते. केंद्रकांना मूळ जागी यायला लागणारा वेळ गाठीत जास्त होता. त्यांचं स्वप्न सरळ होतं. शरीराला न कापता, केवळ हा वेळ मोजून यंत्रानंच सांगावं, की इथे कर्करोग आहे.

मंडळी, हे स्वप्न जसंच्या तसं खरं ठरलं नाही. पुढच्या मोजण्यांत दिसलं, की कर्करोगाचे आकडे आणि निरोगी पेशींचे किंवा साध्या गाठींचे आकडे एकमेकांत मिसळतात. एका आकड्यावरून निवाडा होईना. डमेडियन मात्र थांबले नाहीत. ३ जुलै १९७७ ला त्यांनी स्वतः बांधलेल्या यंत्रात सहकाऱ्याच्या छातीची प्रतिमा घेतली. एका आडव्या छेदासाठी जवळजवळ पाच तास लागले.

दरम्यान १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी वेगळाच प्रश्न विचारला होता. पाणी कसलं आहे यापेक्षा ते कुठे आहे, हे कळेल का? चुंबकाची शक्ती एका बाजूने दुसरीकडे थोडी थोडी बदलत नेली, तर जागेप्रमाणे कंपनं बदलतील, आणि कंपनांवरून जागा ओळखता येईल. त्यांनी पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र काढून दाखवलं. नेचर या नियतकालिकाने हा निबंध आधी नाकारला होता. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला पीटर मॅन्सफिल्ड यांनी हे गणित पुढे नेलं आणि काम वेगवान केलं. २००३ मध्ये लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना नोबेल मिळालं, डमेडियन यांना नाही. त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन जाहीर निषेध केला. वाद बाजूला ठेवू. आपल्याला त्यातलं इतकंच घ्यायचं आहे, की "हे काय आहे" या प्रश्नावर यंत्र अडलं आणि "हे कुठे आहे" या प्रश्नावर ते चालू लागलं.

नावाचीही एक गंमत आहे. मूळ नावात "न्यूक्लिअर" हा शब्द होता. लोकांना तो ऐकून बॉम्ब आठवायचा, म्हणून रुग्णालयांनी तो गाळला आणि एमआरआय एवढंच ठेवलं. खरं म्हणजे यात किरणोत्सर्गाचा संबंधच नाही.

आता स्तनाकडे. १९७९ मध्येच मॅन्सफिल्ड यांच्या गटाने या तंत्राने घेतलेली स्तनाच्या कर्करोगाची प्रतिमा प्रसिद्ध केली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेकांनी प्रयत्न केले. चित्रं देखणी आली, पण निदान होईना. कर्करोगाची गाठ आणि साधी गाठ सारख्याच दिसत. डमेडियन यांना आलेलीच ही अडचण. बऱ्याच जणांनी नाद सोडला.

वाट निघाली गॅडोलिनियममधून. हा एक दुर्मिळ मृदा धातू आहे. तो सुटा घातक असतो, पण एका रेणूत पक्का बांधून शिरेतून दिला, तर तो जिथे पोचतो तिथलं पाणी चित्रात उजळ दिसतं. १९८० च्या दशकाच्या मध्यात म्युनिकमध्ये सिल्विया हायवांग यांच्या गटाने हे इंजेक्शन देऊन स्तनाची चित्रं घेतली. कर्करोगाच्या गाठी उजळून निघाल्या. जर्मनीतच वेर्नर कायझर यांनी पुढची पायरी घेतली. इंजेक्शननंतर एकच चित्र घेऊन थांबायचं नाही, काही मिनिटं एकामागून एक चित्रं घ्यायची आणि उजेड किती वेगानं चढतो ते पाहायचं.

असं का होतं? १९७१ मध्येच ज्युडा फोकमन यांनी मांडलं होतं, की गाठीला वाढायला रक्त लागतं आणि त्यासाठी ती नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावते. या घाईघाईनं तयार झालेल्या वाहिन्या कच्च्या असतात, झिरपतात. म्हणून गॅडोलिनियम तिथे पटकन शिरतं आणि पटकन बाहेरही पडतं. म्हणजे नीट पाहिलं तर यंत्राला कर्करोग दिसतच नाही. त्याला दिसतो झिरपणारा रक्तपुरवठा, आणि त्यावरून कर्करोगाचा तर्क डॉक्टर करतात.

इथे मागचं व्याख्यान आठवा. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे असं आपण म्हणतो. धूर प्रत्यक्ष, आग अनुमान. नैयायिकांनी पुढे दोन सावधगिऱ्या सांगितल्या. पहिली, जे धूर वाटतं ते धुकं किंवा धुळीचा लोट असू शकतो. दुसरी, धूर नाही म्हणून आग नाही असं म्हणता येत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला तापलेला लोखंडाचा गोळा पाहा. त्यात धूर नसतो, पण हात लावला तर भाजतो.

स्तनाच्या एमआरआयच्या पुढच्या तीस वर्षांचा इतिहास म्हणजे धुकं आणि लोखंडाचा गोळा ओळखायला शिकण्याचा इतिहास आहे. साध्या गाठी उजळतात. पाळीच्या चक्रात संप्रेरकांमुळे निरोगी भागही उजळतो, म्हणून पाळी सुरू असलेल्या बायकांची ही तपासणी, घाई नसेल तर, पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान करतात. हे झालं धुकं. उलट दुधाच्या नळीतच राहिलेला काही प्राथमिक कर्करोग फारसा उजळत नाही. हा झाला लोखंडाचा गोळा. १९९९ मध्ये क्रिस्टियाने कूल यांच्या गटाने उजेडाचे तीन आलेख दाखवले. हळूहळू चढत राहणारा, चढून स्थिरावणारा आणि झपाट्यानं चढून उतरणारा. तिसऱ्यात कर्करोगाची शक्यता जास्त, पहिल्यात कमी. शक्यता म्हणतोय, खात्री नव्हे. २००३ मध्ये अमेरिकेच्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं स्तनाच्या एमआरआयसाठी ठरलेली शब्दावली छापली, म्हणजे एका डॉक्टरनं पाहिलेलं दुसऱ्याला त्याच शब्दांत कळावं. न्यायशास्त्राला आधी परिभाषा ठरवावी लागली होती, तसंच हे.

आता मोठ्या पाहण्या बघू. मग बाईंच्या प्रश्नाला उत्तर मिळतं.

२००४ मध्ये नेदरलँड्समधल्या १,९०९ बायकांचा अभ्यास आला. या बायका आनुवंशिक जोखमीच्या होत्या. १९९० च्या दशकात बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं सापडली होती. त्यांत बिघाड असेल तर हा रोग होण्याची शक्यता फार वाढते, तीही तरुणपणी. या बायकांना डॉक्टरांचा हात, मॅमोग्राफी आणि एमआरआय अशा तिन्ही तपासण्या झाल्या. पसरू शकणाऱ्या कर्करोगांपैकी हाताला कळले सुमारे १८ टक्के, मॅमोग्राफीला ३३ टक्के आणि एमआरआयला जवळजवळ ८० टक्के. हा फरक मोठा आहे. म्हणूनच २००७ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं सांगितलं, की ज्यांची आयुष्यभराची जोखीम साधारण २० ते २५ टक्के किंवा जास्त आहे, त्यांनी मॅमोग्राफीबरोबर दरवर्षी एमआरआय करावा. घरात आई, मावशी, बहीण यांना तरुणपणी हा रोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावं. हा संकोचाचा विषय नाही.

२००७ मध्येच अमेरिकेतली आणखी एक पाहणी आली. ज्यांना एका स्तनात कर्करोग सापडला होता आणि दुसरा हाताला आणि मॅमोग्राफीला ठीक वाटत होता, अशा ९६९ बायकांचा एमआरआय केला. त्यातल्या १२१ जणींच्या दुसऱ्या स्तनाचा तुकडा तपासावा लागला, आणि ३० जणींना तिथेही कर्करोग निघाला. त्या ३० जणींचं भलं झालं. उरलेल्या ९१ जणींच्या वाट्याला धुकं आलं, आणि धुक्याची भीती खरीच असते.

२०१० मध्ये ब्रिटनमधून वेगळी बातमी आली. शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय केला तर डॉक्टरला गाठ नीट कळेल आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करायची वेळ कमी येईल, असं सगळ्यांना वाटत होतं. १,६२३ बायकांत ते तपासलं. एमआरआय केलेल्या गटात पुन्हा शस्त्रक्रिया लागली १९ टक्क्यांना, न केलेल्या गटातही १९ टक्क्यांना. जास्त दिसलं, पण त्याने पुढचं पाऊल बदललं नाही.

आणि २०१९ मध्ये नेदरलँड्सचीच दुसरी मोठी पाहणी आली, अतिशय घट्ट स्तन असलेल्या चाळीस हजारांवर बायकांची. त्यांची मॅमोग्राफी ठीक आली होती. काहींना वरून एमआरआयचं निमंत्रण दिलं, बाकीच्यांना नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उद्भवणारे कर्करोग निमंत्रण न मिळालेल्या गटात हजारी ५ होते, निमंत्रण मिळालेल्या गटात २.५, म्हणजे निम्मे. पण एमआरआय केलेल्या हजार बायकांमागे सुमारे ८० जणींना विनाकारण परत बोलवावं लागलं.

मंडळी, या चार पाहण्या शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. यंत्र तेच, चुंबक तेच, पण कुणासाठी आणि कोणत्या प्रश्नासाठी वापरलं यावर त्याची किंमत ठरते. जिथे आग असण्याची शक्यता आधीच जास्त, तिथे दिसलेला धूर बहुधा धूर असतो. जिथे शक्यता कमी, तिथे तो बहुधा धुकं असतो. म्हणून पहिल्याच दिवशी, प्रत्येकीचा एमआरआय करत नाहीत.

इथे आम्ही घरची गोष्ट सांगणार आहोत. सांगावी की नाही याचा विचार केला. पण ती लपवूनच तर सगळं झालं.

आमची थोरली बहीण, आम्ही तिला माई म्हणायचो. दर्यापूरकडच्या एका खेड्यात दिली होती. सत्तरीकडे झुकली होती. पोळ्याच्या सुमारास तिला गाठ लागली. तिनं सांगितलं ते होळी होऊन गेल्यावर. आम्ही रागावलो, तर म्हणाली, "दुखत तं नव्हती, मंग कायले सांगाचं? कापूस वेचाचा होता, पोरीचं बाळंतपण होतं." न दुखणारी गाठ म्हणजे साधी गाठ, ही तिची समजूत होती. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्हीही नाही. आम्ही तर्कशास्त्र शिकवत होतो.

एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेलं. सुईनं तपासून कर्करोग ठरला. दुसरी बाजू पाहण्यासाठी एमआरआय झाला. आमचा भाचा खिडकीवरून अहवाल घेऊन आला. इंग्रजीतली दोन पानं, सोबत एक शब्द बोलायला कुणी नाही. व्हरांड्यात उभं राहून त्यानं वाचलं, की दुसऱ्या बाजूलाही संशयास्पद काहीतरी उजळलं आहे. त्याच क्षणी त्यानं ठरवलं, "दोन्ही काढून टाका म्हणतो मी." माई काही बोलली नाही. त्यानंतरचे एकोणीस दिवस त्या घरात कुणी धड जेवलं नाही.

शेवटी एका शांत डॉक्टरांनी सांगितलं, की जे दिसलं आहे ते सुईनं तपासल्याशिवाय कापायचं नाही. सोनोग्राफीत तीच जागा शोधून तुकडा घेतला. त्यात कर्करोग नव्हता. धुकं होतं. पण पहिल्या बाजूचा रोग तोवर काखेत पोचला होता. शस्त्रक्रिया झाली, किरण झाले, औषधं झाली. माई चार वर्षं राहिली.

आम्ही पुष्कळदा विचार करतो. त्या यंत्रानं मिलिमीटरचा ठिपका दाखवला. पण पोळ्यापासून होळीपर्यंतचे सात महिने त्याच्या कुठल्याच चित्रात नव्हते.

याच सात महिन्यांवर काम झालं ते आपल्या महाराष्ट्रात, मुंबईत. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, त्या दुःखातून टाटा कुटुंबाचं या रोगाकडे लक्ष वळलं. या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक प्रयोग सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायका, नेमकं सांगायचं तर १,५१,५३८. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हाताने तपासत, अशा चार फेऱ्या. डॉक्टर नाही, यंत्र नाही. बाकीच्या वस्त्यांत रोगाची माहिती देण्यात आली. वीस वर्षं हे सगळं मोजलं आणि २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापले.

तपासणीच्या वस्त्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतल्या रुग्णांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ वर आलं. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि सगळ्या वयांची मिळून १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर आम्हीच धुक्याला धूर म्हटल्यासारखं होईल.

तुम्ही विचाराल, की आत्ताच तर तुम्ही सांगितलंत, नेदरलँड्समध्ये हाताला केवळ १८ टक्के कर्करोग कळले, मग मुंबईत हात कसा उपयोगी पडला? शंका रास्त आहे. नेदरलँड्समध्ये हाताची तुलना एमआरआयशी होती. त्या बायका ठरल्या वेळी येत होत्या, त्यांच्या गाठी बारीक होत्या. मुंबईत हाताची तुलना होती कुणीच न विचारण्याशी. तिथे गाठी वाढून बाईलाच लागलेल्या असत, आणि बाई माईसारखी गप्प असे. दार ठोठावून "बाई, जरा पाहू द्या" असं म्हणणारी दुसरी एक बाई, हीच तिथली तपासणी होती. पन्नाशीच्या आतल्या बायकांचा प्रश्न मात्र उरतोच. घट्ट स्तन, कमी वय, हाताला न लागणारी गाठ. एमआरआयची खरी गरज आहे ती त्यांच्यातल्या जोखमीच्या बायकांना. त्या कोण आहेत हे आधी विचारावं लागेल, आणि ते विचारायला चुंबक लागत नाही.

२०१६ मध्ये केंद्र सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत तीस वर्षांपुढच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हातानं स्तनतपासणी करण्याचं म्हटलं आहे. आपल्या आशाताई, परिचारिका यांच्यावरच ते काम आहे. त्या दारात आल्या की त्यांना चहा पाजून परत पाठवू नका.

आपल्या मूर्तिजापूरचं या सगळ्याशी एक जुनं नातं आहे. गाडगेबाबांचं बालपण याच तालुक्यातल्या दापुरे गावी मामांच्या घरी गेलं. हातात झाडू घेऊन त्यांनी गावं झाडली, आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा बांधल्या. आज टाटा रुग्णालयात उपचार घेणारी कितीतरी खेड्यापाड्यांतली माणसं दादरला त्यांच्याच नावाच्या धर्मशाळेत उतरतात. आमची माणसंही इथून रात्रीच्या गाडीनं गेली आणि तिथेच उतरली. बाबांना एमआरआय माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण उपचार म्हणजे केवळ औषध नव्हे, बाहेरगावच्या माणसाला पाठ टेकायला जागाही लागते, हे त्यांना कळलं होतं.

तर शिक्षिकाबाई, तुम्ही आज समोर बसल्या आहात. तुमच्या जावेला डॉक्टरांनी एमआरआय सांगितला आहे, तर तो जरूर करा. त्यांच्या मनात काही ठरलेला प्रश्न असेल. घट्ट स्तन असेल, दोन तपासण्यांचे अहवाल जुळत नसतील, नाहीतर गाठ कुठवर गेली ते पाहायचं असेल. तो प्रश्न कोणता, हे त्यांना विचारा. या तपासणीचं उत्तर काय आलं तर पुढे काय करणार, हेही विचारा. दोन्ही उत्तरांनी पुढचं पाऊल एकच राहणार असेल, तर तपासणी कशासाठी, हेही नम्रपणे विचारायला हरकत नाही. त्या यंत्रात पालथं झोपावं लागतं, आवाज मोठा असतो, अर्धा तास हालायचं नसतं. हृदयात पेसमेकर असेल, किडनीचं दुखणं असेल तर आधी सांगा. अहवाल हातात पडला की व्हरांड्यात वाचू नका, डॉक्टरांसमोर बसून वाचा. आणि काही उजळलेलं दिसलं, तर सुईनं तपासून होईपर्यंत त्याला कर्करोग म्हणू नका.

सगळं दिसतं का, असं तुम्ही विचारलं होतं. पुष्कळ दिसतं. पूर्वी कधी दिसलं नव्हतं इतकं दिसतं. पण कुणाकडे, कधी आणि कशासाठी पाहायचं हे माणसांनाच ठरवावं लागतं, आणि त्याआधी कुणीतरी कुणाला सांगावं लागतं, की मला इथे गाठ लागते आहे. आज घरी गेल्यावर आपल्या घरातल्या बायकांशी एवढं एकदा बोला. न दुखणारी गाठही दाखवायची असते, एवढं एक वाक्य. माईला ते वाक्य आम्ही सांगायला हवं होतं.

पुढच्या वेळी पुन्हा अनुमानाकडे वळू. शब्दप्रमाण राहिलं आहे, म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेल्यावर कधी विश्वास ठेवायचा, तो प्रश्न. प्रश्न विचारायचे असतील तर आम्ही पायऱ्यांवर थांबतो.